रामानुजन यांच्या वह्या

परीक्षेचे निकाल लागले की घरोघर रडारड होते. अशा वेळी मला गणिती श्रीनिवास रामानुजन यांची आठवण होते.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. वडील कुंभकोणमला कापडाच्या दुकानात कारकून होते. शाळेत रामानुजन फार हुशार. १९०४ साली कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली. पण गणितापुढे दुसरे विषय सुचेनात. इंग्रजीत नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासलाही ते परीक्षेत नापासच झाले. पदवी नाही म्हणून नोकरी नाही. गरिबी तर पाचवीलाच पुजलेली. तरी पाटीवर गणिते सोडवून ते उत्तरे वह्यांत उतरीत.

त्या वह्या रामस्वामी अय्यर व रामचंद्र राव या थोर गृहस्थांनी गुणपत्रक न विचारता पाहिल्या आणि हात दिला. १९१३ साली केंब्रिजच्या हार्डीसाहेबांनी पत्रावरूनच त्यांची योग्यता ओळखली व १९१४ मध्ये विलायतेस बोलावून घेतले. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९२० मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले.

प्रत्येक मूल रामानुजन होणार नाही, हे खरे. तरी गुण कमी पडले तर रागे भरण्याआधी आपण त्याची वही एकदा प्रेमाने उघडून पाहावी, एवढीच माझी विनंती.