अध्यक्षांच्या सहीचे वजन

मुख्य विषयाशी संबंध नसलेली कलमे विधेयकात घुसवल्याचा वाद संसदेत उपस्थित झाला, की मला लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर आठवतात. दिल्लीत रफी मार्गावरील सभागृहाला त्यांचे नाव आहे. करोल बागेत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींनाही अनेकदा तेवढेच ठाऊक असते.

दादासाहेबांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे येथील. जन्म १८८८ मध्ये बडोद्यात. अहमदाबादेत वकिली, गांधीजी व सरदार पटेलांच्या सहवासात असहकार आणि तुरुंगवास, तेथील नगरपालिकेचे अध्यक्षपद, १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे, १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे आणि १९५२ मध्ये लोकसभेचे, अशी ही वाटचाल.

घटनेच्या अनुच्छेद ११० नुसार कर, सरकारी कर्ज, संचित निधी अशा ठरावीक बाबींपुरतेच केवळ मर्यादित असलेले विधेयक म्हणजे धन विधेयक. त्यावर राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात आणि १४ दिवसांत ते परत पाठवावे लागते. विधेयक तसे आहे की नाही, याचा अंतिम निर्णय लोकसभाध्यक्षांचा. १९५३ मध्ये प्राप्तिकर दुरुस्ती विधेयकाला मावळंकरांनी दिलेल्या प्रमाणपत्राबद्दल राज्यसभेत शंका घेतली गेली. दोन्ही सभागृहांत तणाव निर्माण झाला. अखेर अध्यक्षांचा अधिकार अंतिम असल्याचे सांगून पंतप्रधान नेहरूंनी तो मिटवला.

अनुच्छेदातील ‘केवळ’ या शब्दाचा मावळंकरांनी फार काटेकोर अर्थ लावला नाही. विधेयकाचा गाभा कराचा असेल, तर त्या कराच्या अंमलबजावणीस आवश्यक अशा आनुषंगिक तरतुदींनी त्याचे स्वरूप बदलत नाही, असे त्यांचे प्रथमदर्शनी मत होते. सरकारी सेवेत मसुदे हाताळलेल्या मला ते व्यवहार्य वाटते. कर बसवायचा तर वसुलीची यंत्रणाही हवीच. परंतु चंचुप्रवेशानंतर मुसळप्रवेश झाला. २०१७ च्या वित्त कायद्यात न्यायाधिकरणांवरील नेमणुकांपासून निवडणूक रोख्यांपर्यंतच्या दुरुस्त्या आल्या. हा कायदा धन विधेयक म्हणून संमत होऊ शकतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला.

मावळंकरांवरही आक्षेप होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काँग्रेस सोडली नाही. १९५४ मध्ये त्यांना हटवण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला. मात्र वटहुकूम वारंवार काढण्याविरुद्ध त्यांनी खुद्द नेहरूंनाच पत्रे लिहून सावध केले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

अध्यक्षांचा निर्णय अंतिम असेल, तर त्याची कारणेही लेखी असावीत. आनुषंगिक काय आणि घुसवलेले काय, हे प्रमाणपत्रासोबतच स्पष्ट झाले, तर राज्यसभेचा अधिकार मागील दाराने काढून घेता येणार नाही.