विठ्ठल रामजी शिंदे : सेवेपासून उपपत्तीपर्यंत

दुःख दिसणे आणि त्या दुःखाचा समाजप्रश्न होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. दुःखाचे कारण पीडिताच्या उणिवेत शोधायचे, रूढी पाळणाऱ्यांच्या मनात शोधायचे, की सत्ता आणि साधने यांच्या वाटणीत शोधायचे, यावर कार्याचे स्वरूप अवलंबून राहते. समाजकार्याच्या शास्त्रात या तीन दृष्टी आज स्वतंत्र उपपत्ती म्हणून शिकविल्या जातात. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या आयुष्यात त्या एकामागून एक आल्या. त्यांपैकी प्रत्येकीने त्यांच्या कार्याला वेगळे वळण दिले.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी तत्कालीन जमखंडी संस्थानात, आजच्या कर्नाटकात, झाला. घर मराठा आणि वारकरी वळणाचे. भोवतालची भाषा कानडी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्माचा अभ्यास केला आणि पाली भाषेचा परिचय करून घेतला. याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स बूथ यांची लंडनविषयीची आणि सीबोम राउंट्री यांची यॉर्कविषयीची पाहणी प्रसिद्ध होऊन, दारिद्र्य हा केवळ दरिद्री माणसाच्या शीलाचा दोष आहे या समजुतीला तडा जात होता. धर्मप्रचारक होण्यासाठी गेलेला हा तरुण परतला तेव्हा तौलनिक दृष्टी त्याच्या अंगवळणी पडली होती.

प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून मुंबईत काम करीत असतानाच १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली. इंग्रजीत ती डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावाने ओळखली गेली. नारायण गणेश चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. परळ येथे शाळा निघाली. पुढे शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण आणि भजन-उपासना असा विस्तार होत कार्य मुंबई-पुण्याबाहेर हुबळीपर्यंत पोहोचले. शिंदे यांच्या भगिनी जनाक्का यांनीही या कार्याला वाहून घेतले. ‘निराश्रित’ या शब्दात मात्र त्या टप्प्याची उपपत्ती दडलेली आहे. ज्याला आश्रय नाही त्याला आश्रय द्यावयाचा, एवढाच तिचा अर्थ. तो आश्रय कोणी आणि केव्हा हिरावून घेतला, हा प्रश्न त्या नावात उमटत नाही.

दुसऱ्या टप्प्यात त्यांची दृष्टी अस्पृश्यांकडून अस्पृश्यता पाळणाऱ्यांकडे वळली. उणीव शिकणाऱ्यात नसून दूर बसविणाऱ्यात आहे, असे मानल्यावर केवळ शाळा पुरेशी राहत नाही; मतपरिवर्तन करावे लागते. म्हणून परिषदा, ठराव आणि जाहीरनामे आले. १९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला, त्यामागे शिंदे यांचे परिश्रम होते. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेच्या विरोधात प्रभावी भाषण केले. पण ती व्यक्तिगत आचरणात न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही झाली नाही. मतपरिवर्तनाच्या मार्गाची मर्यादा या एका प्रसंगात उघड होते. व्यासपीठावरची संमती घराच्या उंबरठ्यापाशी थांबत होती.

तिसरी दृष्टी याच अनुभवातून आणि दीर्घ संशोधनातून आकारास आली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथात तिची मांडणी आहे. वैदिक आणि स्मृतिवाङ्मय, बौद्धांचे पाली ग्रंथ, जातिनामांची व्युत्पत्ती, खानेसुमारीचे आकडे आणि स्वतः केलेला प्रवास, अशी बहुविध साधने त्यांनी एकत्र आणली. मराठी-कानडी संबंधांचा त्यांचा अभ्यास येथे उपयोगी पडला. ब्रह्मदेशातील बहिष्कृत वर्गांचाही त्यांनी विचार केला. जेथे हिंदू जातिव्यवस्था नाही अशा बौद्ध देशातही पॅगोडाचे वंशपरंपरागत दास समाजाबाहेर राहिले होते. तेव्हा बहिष्काराचे मूळ केवळ एका धर्माच्या वचनांत शोधून भागणार नव्हते. आज अस्पृश्य मानले गेलेले अनेक समूह एकेकाळी भूमी आणि सत्ता असलेले होते व जेत्यांनी त्यांना गावकुसाबाहेर लोटले, अशी त्यांची धारणा झाली. त्यांच्या काही व्युत्पत्ती पुढील संशोधनात टिकणाऱ्या नाहीत. परंतु अस्पृश्यता ही विटाळाची कल्पना असण्याबरोबरच राजकीय आणि आर्थिक पराभवाची परिणती आहे, हा त्यांचा मूळ मुद्दा अशा व्युत्पत्तींवर अवलंबून नाही.

या उपपत्तीने त्यांना स्वतःच्या स्थानाविषयीच अडचणीत टाकले. प्रश्न सत्तेचा असेल तर अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार उच्चवर्णीय हितचिंतकाला कोठून आला? १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मिशनच्या भूमिकेवर कठोर टीका केली, ती याच मर्मावर होती. संस्थेची सूत्रे अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांकडे असावीत, अशी मागणीही वाढत गेली. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून निवृत्त झाले. विभक्त मतदारसंघांना मात्र त्यांचा विरोध कायम राहिला. समाजाचे ऐक्य हे त्यांना साधनही वाटे आणि साध्यही; आंबेडकरांच्या दृष्टीने सत्तेत स्वतंत्र वाटा मिळाल्याविना ते ऐक्य म्हणजे जुन्या अधीनतेचेच दुसरे नाव होते. प्रश्नाचे राजकीय स्वरूप ओळखूनही शिंदे यांनी उत्तराचा शेवटचा भाग धर्मभावनेकडे सोपविला, ही त्यांच्या विचारातील न सुटलेली गाठ होय.

पुढील काळात ते शेतकऱ्यांच्या चळवळीकडे वळले. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा कारावास भोगला. उत्तरायुष्यात एका बाजूला सुधारकांना ते फार राजकीय वाटत, तर दुसऱ्या बाजूला दलित चळवळीला फार समन्वयवादी. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले आणि तिचे आचरण दंडनीय ठरविले. गावकुसाबाहेरच्या वस्तीला जमीन का नाही, हा शिंदे यांच्या ग्रंथातून उभा राहणारा प्रश्न त्या अनुच्छेदाच्या कक्षेत येत नव्हता.