कडू कवठीचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी लाड

महारोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, असे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. जन्माने अस्पृश्य ठरविलेला माणूस गावकुसाबाहेर आणि रोगाने अस्पृश्य ठरलेला माणूस त्याच्याही पलीकडे. दोघांना एकच उपदेश होता: हे तुमचे भोग आहेत, ते मुकाट्याने भोगा. ज्यांनी धम्माची दीक्षा घेतली त्यांनी हा उपदेश झुगारून दिला आहे. दुःखाला कारण असते आणि कारण शोधून ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण आपण स्वीकारली आहे. या शिकवणीच्या प्रकाशात एका डॉक्टरचे चरित्र आपल्या घराघरांत सांगण्यासारखे आहे.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म १८२२ च्या सुमारास पेडणे महालातील मांद्रे येथे झाला. तेरेखोल नदीच्या अलीकडे सिंधुदुर्ग आणि पलीकडे पेडणे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा मुलूख सावंतवाडीच्या सत्तेखाली होता. त्यामुळे तेथील माणसे, बोली आणि झाडपाला हे सारे या किनाऱ्याचेच. घराणे सारस्वत ब्राह्मणाचे, पण गरिबीचे. वडील पोटासाठी मुंबईला आले आणि मातीच्या मूर्ती विकून संसार चालवू लागले. मुलाचे बुद्धिबळातील चातुर्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आले आणि त्याच्या सांगण्यावरून त्याला इंग्रजी शिक्षण मिळाले. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून तो तेथेच शिक्षक झाला. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर त्याने लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा शिक्षकी सोडून तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि तेथील पहिल्या पदवीधरांपैकी एक ठरला.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी गरिबांना मोफत औषध दिले. १८५२ च्या बाँबे असोसिएशनच्या कामात ते पुढे होते, मुलींच्या शिक्षणाचे ते पुरस्कर्ते होते आणि मुंबईचे शेरीफपदही त्यांनी दोनदा भूषविले. आणखी एक गोष्ट आपण बौद्धांनी विसरू नये. १८६३ मध्ये त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे वाचन आणि भाषांतर विद्वानांपुढे ठेवले. ज्या भिंतींवर आपल्या पूर्वसूरींचे दान कोरलेले होते, त्या भिंतींना त्यांनी बोलके केले.

परंतु येथे मुख्यतः सांगायचे आहे ते त्यांच्या औषधशोधाविषयी. जुन्या ग्रंथांत वनस्पतींचे अद्भुत गुण वर्णिले आहेत. भाऊ दाजींनी ते ग्रंथ वाचले, पण ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. वनस्पती रोग्याला देऊन काय होते हे पाहिले पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. कोकणात ओढ्याकाठच्या सदाहरित रानात कडू कवठ, म्हणजेच कवटी नावाचे झाड वाढते. त्याचे फळ वाटोळे व कठीण सालीचे असते आणि आत पुष्कळ बिया असतात. या फळाने पाण्यातील मासे गुंगतात, हे रानातल्या लोकांना ठाऊक होते. बियांचे तेल खरजेवर व जुनाट त्वचारोगांवर लावण्याची चालही या किनाऱ्यावर जुनी आहे. हे ज्ञान केवळ पोथीचे नव्हे. ते रानात राबणाऱ्या, अक्षरापासून दूर ठेवलेल्या माणसांनी जपलेले ज्ञान होते. भाऊ दाजींनी हेच तेल महारोगावर योजले, रोग्यांना पोटातून व बाहेरून देऊन पाहिले आणि पुष्कळांना त्यापासून गुण येतो असे त्यांना दिसले. ज्या रोग्याची सावली लोक टाळीत, त्याला त्यांनी जवळ घेऊन तपासले.

मात्र या कार्यात एक उणीव राहिली आणि ती सांगितलीच पाहिजे. आपल्या उपचाराची सविस्तर हकीकत त्यांनी हयातीत जगापुढे मांडली नाही. औषध गुप्त ठेवल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ३१ मे १८७४ रोजी ते वारले. ते तेल कोणते, हे पुढे इतरांनी लिहून ठेवले. जे ज्ञान दुसऱ्याला पडताळता येत नाही, ते कितीही हेतुशुद्ध असो, समाजाच्या हाती उशिरा लागते. ज्ञान झाकून ठेवल्याने केवढा अनर्थ होतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. तथागतांनी आपल्या धम्मात झाकलेली मूठ ठेवली नाही. या आणि पाहा, असे त्यांचे सर्वांना आवाहन होते.

पुढची वाटचाल उघड्या परीक्षेची आहे. भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेच्या हॅन्सन यांना महारोग्याच्या शरीरात जंतू दिसले. रोग पापाने नव्हे, जंतूने होतो, हे हळूहळू सिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉवर या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये या जातीच्या तेलांतून औषधी आम्ले वेगळी केली. तेल कडू व घट्ट असल्याने पोटात टिकत नसे आणि सुईने टोचले तर गाठी होत. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटांत ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने त्या आम्लांचे असे रूप बनविले की ते टोचल्यावर शरीरात सहज शोषले जाऊ लागले. १९१६ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली आणि तिच्या शोधाचे श्रेय काही काळ दुसऱ्याने घेतले. वर्ण पाहून श्रेय देण्याची रीत केवळ आपल्याच देशात होती असे नाही.

हे तेलही पुरे पडले नाही. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि त्यांनी ते मागे टाकले. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. आज सहा महिने ते एक वर्ष औषध घेतले की रोगी बरा होतो आणि हे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तेव्हा कोणी कवटीचे तेल घरी काढून पिऊ नये. अंगावर बधिर, फिकट वा लालसर चट्टा दिसला तर घाड्याकडे गाऱ्हाणे घालायला न जाता दवाखान्यात जावे. वेळेवर गेल्यास हातापायांची बोटे शाबूत राहतात.

तक्षशिलेच्या जीवकाला गुरूंनी आज्ञा केली होती, की योजनभर फिरून औषध नसलेली वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परतला. तोच जीवक पुढे तथागतांचा वैद्य झाला. आणि सुप्रबुद्ध नावाचा महारोगी अन्नाच्या आशेने तथागतांच्या सभेकडे आला, तेव्हा तथागतांनी त्याला हाकलले नाही, तर त्यालाच उद्देशून धम्म सांगितला. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या सुप्रबुद्धाला मानाचे स्थान दिले आहे.

उपासक-उपासिकांनी आपल्या मुलांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात आणि त्यांच्या शेजारी भाऊ दाजींचीही सांगावी. आपल्या वस्तीत कोणाला हा रोग झाला, तर त्याच्या घरचे पाणी पिण्याचे टाळू नये. त्याला दवाखान्यात नेणे आणि विहारात आपल्या शेजारी बसविणे, हेच आपल्या धम्मदीक्षेचे आचरण होय.