लॉरेन्स हॅमंड

लॉरेन्स हॅमंड (११ जानेवारी, इ.स. १८९५ – जुलै, इ.स. १९७३) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. हॅमंड ऑर्गन या विद्युत वाद्याचे जनक म्हणून ते ओळखले जातात. ते स्वतः वादक नव्हते.

जीवन
हॅमंड यांचा जन्म इलिनॉय राज्यातील इव्हॅन्स्टन येथे झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर त्यांचे बालपण आईसमवेत युरोपात गेले. इ.स. १९१६ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. विजेच्या प्रवाहाशी गती जुळवून चालणारी मोटर तयार करून त्यांनी इ.स. १९२८ मध्ये घड्याळांची कंपनी स्थापन केली. महामंदीच्या काळात घड्याळांचा धंदा खालावला आणि कंपनी टिकवण्यासाठी नव्या उत्पादनाची गरज भासली.

हॅमंड ऑर्गन
घड्याळाचीच मोटर वापरून त्यांनी दातेरी चकत्या फिरवल्या. प्रत्येक चकती चुंबक व तारेच्या वेटोळ्याजवळून फिरताना ठरावीक स्वराचा विद्युतप्रवाह निर्माण करी. ड्रॉबार खेचून या स्वरांचे मिश्रण वादकास बदलता येई. इ.स. १९३४ मध्ये या रचनेस पेटंट मिळाले व पुढील वर्षी वाद्य बाजारात आले. पाइप ऑर्गनच्या तुलनेत ते स्वस्त असल्याने लहान चर्चनाही परवडू लागले. मात्र ते पाइप ऑर्गनच्या तोडीचे असल्याच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला गेला. इ.स. १९३८ मध्ये संघीय व्यापार आयोगाने असे दावे करण्यास कंपनीला मनाई केली. 'ऑर्गन' हे नाव मात्र कायम राहिले.

नोव्हाकॉर्ड आणि कॉर्ड ऑर्गन
इ.स. १९३९ मधील नोव्हाकॉर्ड या वाद्यात शंभराहून अधिक निर्वात नलिका होत्या. स्वराचा पोत, त्याचा आरंभ व लय वादकास ठरवता येत असल्याने ते सिंथेसायझरचे पूर्वरूप मानले जाते. ते महाग व नाजूक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे उत्पादन थांबले. याउलट इ.स. १९५० च्या कॉर्ड ऑर्गनमध्ये डाव्या हाताने एक बटण दाबताच संपूर्ण स्वरसंघात वाजे. त्यामुळे संगीताचे शिक्षण नसलेल्यांनाही घरी साथीसह गाणे वाजवता येऊ लागले. आजच्या अरेंजर कीबोर्डमध्ये तालाची व वाद्यवृंदाची तयार साथ असते, तर सिंथेसायझरमध्ये वादक ध्वनी स्वतः घडवतो. या दोन्ही दिशांची पूर्वचिन्हे हॅमंड यांच्या कारखान्यात दिसतात.

वारसा
हॅमंड इ.स. १९६० मध्ये निवृत्त झाले. चर्च व घर यांसाठी बनवलेले त्यांचे वाद्य जिमी स्मिथ यांच्यासारख्या वादकांमुळे जॅझमध्ये आणि पुढे रॉक संगीतात रुजले. फिरता लेस्ली ध्वनिक्षेपक हॅमंड यांना नापसंत होता. तरी वादकांनी त्याचीच जोड या ऑर्गनला दिली.