डॉ. गॉर्डन होम्स

डोळे मिटून नाकाच्या टोकाला बोट लावणे आपल्याला सहज जमते. ही सहजता डोक्याच्या मागील भागात असलेल्या लहान मेंदूमुळे लाभते. त्याच्या कार्याचा माणसांमध्ये पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत डॉ. गॉर्डन होम्स अग्रगण्य होते.

१८७६ साली आयर्लंडमध्ये जन्मलेले होम्स लंडनमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून नावारूपास आले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा अधू दृष्टीमुळे सैन्याने त्यांना नाकारले. तरीही रेडक्रॉसच्या रुग्णालयात काम पत्करून ते फ्रान्सला गेले. तेथे डोक्यात गोळी लागलेले अनेक सैनिक येत. उपचार करतानाच होम्स त्यांच्या हालचालींची बारकाईने नोंद ठेवीत. लहान मेंदूच्या उजव्या बाजूस इजा झाली, की उजवाच हात थरथरे आणि नेम चुकवी. अशा एका रुग्णाचा डावा हात आपोआप चाले. उजव्या हाताची प्रत्येक हालचाल मात्र त्याला विचारपूर्वक करावी लागे. सैनिकांविषयीची ही निरीक्षणे होम्स यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली.

१९६५ साली त्यांचे निधन झाले. आता एमआरआय यंत्राच्या साहाय्याने लहान मेंदूचे सूक्ष्म नकाशे तयार होतात. भाषा व विचार यांतही त्याचा वाटा असल्याचे त्यांतून दिसून आले आहे. तरीही, तोल जाणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आजही नाकाला बोट लावून दाखवायला सांगतात.