टाके निघाल्यानंतरची मैत्रीण

स्तनाच्या कॅन्सरबद्दल आता आपण बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलू लागलो आहोत. पुरवण्यांमधून लेख येतात, महिला मंडळांत तपासणी शिबिरं होतात. पण मैत्रिणींनो, हे बोलणं बहुतेक वेळा ऑपरेशनपाशी येऊन थांबतं. टाके निघाले, बाई घरी आली, की सगळ्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! खरं तर तिचे निम्मे प्रश्न घराचा उंबरठा ओलांडल्यावरच सुरू होतात. या प्रश्नांना उत्तरं देण्यात जिनं आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं घातली, त्या टेरीज लॅसर यांची आज ओळख करून द्यायची आहे.

टेरीज ना डॉक्टर होत्या, ना नर्स. न्यूयॉर्कच्या या बाईंचे पती जे. के. लॅसर आयकरावरच्या पुस्तकामुळे अमेरिकेत घरोघरी माहीत होते. म्हणजे पैशाअडक्याची ददात नव्हती, चांगले डॉक्टर हाताशी होते. 1952 साली छातीत गाठ लागली म्हणून टेरीज तपासणीसाठी हॉस्पिटलात गेल्या. भूल उतरली तेव्हा गाठीबरोबर स्तनही गेलेला होता.

आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळी हीच रीत होती. बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत पूर्ण शस्त्रक्रिया करून मोकळं व्हायचं. जागी होईपर्यंत आपलं काय होणार आहे, हे तिला ठाऊकच नसे. ऑपरेशनही साधं नव्हतं. हॉलस्टेड नावाच्या सर्जननी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या त्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. जीव वाचवायचा तर हे करायलाच हवं, असं डॉक्टर मनापासून मानत. पण बाईचा खांदा आखडायचा, हात वर जायचा नाही, कित्येकींच्या हाताला कायमची सूज यायची.

टेरीजना आपल्या डॉक्टरांना पुष्कळ विचारायचं होतं. हात पुन्हा वर कधी जाईल? कुठले व्यायाम करू? कपडे कसे घालू? नवऱ्याजवळ जाताना काय? याची नीट उत्तरं कुणाकडेच नव्हती. डॉक्टरांच्या दृष्टीने ऑपरेशन छान झालं होतं, तेव्हा विषय संपला होता. आणि बायकांनी हा विषय आपसांत तरी कसा काढावा? त्या काळच्या अमेरिकेतही कॅन्सर हा शब्द कुजबुजतच उच्चारायचा, आणि त्यात हा असा अवयव!

मग टेरीजनी स्वतःच स्वतःला शिकवायचं ठरवलं. अगदी घरगुती व्यायाम होते ते. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, आज इथवर, उद्या आणखी थोडं वर. दारावरून दोरी टाकून दोन्ही टोकं धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. रबरी चेंडू मुठीत दाबत राहायचा. हळूहळू हात मोकळा झाला. तेव्हा त्यांच्या मनात आलं, की आपल्याला जे चाचपडत शोधावं लागलं, ते दुसरीला आयतं का मिळू नये?

इथून त्यांचं खरं काम सुरू झालं. नुकतंच ऑपरेशन झालेल्या बायकांना त्या हॉस्पिटलात जाऊन भेटू लागल्या. बरोबर एक छोटी पिशवी असे. तिच्यात चेंडू, दोरी, व्यायामाची माहिती आणि कपड्यांच्या आत ठेवायला तात्पुरता हलका कृत्रिम स्तन. पण पिशवीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे समोर उभी असलेली ती बाई! हेच ऑपरेशन होऊनही ही नीटनेटके कपडे घालून, हात हलवत, हसत चालत आली आहे, हे नुसतं पाहूनच खाटेवरचीला धीर येत असणार. या उपक्रमाला त्यांनी ‘रीच टू रिकव्हरी’ असं नाव दिलं. रीच म्हणजे हात पुढे करून पोहोचणं. व्यायामाचा हात आणि मदतीचा हात, दोन्ही त्यात आले.

सगळ्यांनी काही त्यांचं स्वागत केलं नाही. डॉक्टर नसलेली बाई आपल्या पेशंटशी परस्पर बोलते, हे बऱ्याच सर्जनना पटेना. त्यातच 1954 मध्ये पतीचं निधन झालं. स्वतःच्या ऑपरेशनला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पण टेरीज थांबल्या नाहीत. त्यांच्यासारख्याच बऱ्या झालेल्या बायका जोडल्या जाऊ लागल्या.

1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्या पंखाखाली घेतला, आणि त्याला शिस्त आली. स्वयंसेविका स्वतः या आजारातून उठलेली असावी, तिला प्रशिक्षण द्यावं, तिने सर्जनच्या परवानगीने भेटावं आणि औषधोपचाराचा सल्ला मात्र देऊ नये. 1974 मध्ये फ्रान्सीन टिमोथी यांनी हे काम पॅरिसला नेलं आणि तिथून ते युरोपात पसरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं स्तनाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी ते जगापासून लपवलं नाही. कुजबुजीचा शब्द एकदम पहिल्या पानावर आला.

ही गोष्ट मला जवळची वाटते, कारण मंडळाच्या कामामुळे ऑपरेशन करून घरी आलेल्या बायकांकडे माझं जाणं होतं. देश बदलला, साठ-सत्तर वर्षं उलटली, पण प्रश्न तेच! फक्त ते आपल्या भाषेत येतात. वेणी कधी घालता येईल? ब्लाउज कसा शिवू? नातवाला मांडीवर घेतलं तर त्याला लागण होईल का हो? हे शेवटचं तर दार लोटून, हळूच विचारतात. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही, एवढं एक वाक्य ऐकून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मी काही या आजारातून गेलेली नाही. त्यामुळे माझ्यापेक्षा, बरोबर आलेली बरी झालेली मैत्रीण काय सांगते, ते त्यांना जास्त पटतं. ते तसं पटावं, हेच तर टेरीजनी ओळखलं होतं.

त्यांच्या कामावर टीकाही झाली, आणि तीही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचं 1978 मध्ये ऑपरेशन झालं. त्यांच्याकडेही अशीच स्वयंसेविका कृत्रिम स्तन घेऊन आली. काही झालंच नाही असं दाखवण्याचा हा आग्रह कशासाठी, असा सवाल लॉर्ड यांनी 1980 मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात केला. स्तन गेला आहे, तर मी तशीच का वावरू नये? मला वाटतं, दोघींचंही खरं आहे. एखादीला पूर्वीसारखं दिसल्यावर बळ येतं, एखादीला न लपवता वावरल्यावर. भेटायला जाणारीने आपला तोडगा पुढे करण्याआधी, बाई गं, तुला काय हवंय, एवढं विचारायला हवं.

1979 मध्ये टेरीज गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने गाठीची तपासणी आणि मोठं ऑपरेशन एकाच भुलेत उरकू नये, अशी शिफारस केली. आता तर गाठ लवकर कळली तर पुष्कळदा स्तन वाचवून शस्त्रक्रिया होते. केमोसाठीही अनेक जणी सकाळी जातात आणि संध्याकाळी घरी येतात. म्हणजे उपचारांचे बहुतेक दिवस आता घरातच जातात, आणि म्हणूनच घराशेजारच्या माणसांची जबाबदारी वाढली आहे.

तुमच्या सोसायटीत, वाडीत अशी कुणी घरी आली असेल, तर फळांची पिशवी देऊन दहा मिनिटांत उठू नका. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी सांगितलेले व्यायाम ती रोज करते का, ते विचारा आणि तिच्याबरोबर भिंतीशी उभ्या राहा. हाताला सूज, लाली किंवा ताप दिसला तर डॉक्टरांकडे लगेच घेऊन जा. पुढच्या तपासणीची तारीख लक्षात ठेवा, सोबत जा. तिच्या घरच्यांशीही बोला, विशेषतः नवऱ्याशी. आणि तुम्ही स्वतः या आजारातून उठला असाल, तर तुमच्याजवळ जे आहे ते आम्हा इतरांजवळ नाही. ते तिला द्यायला जाच.