मुक्तिबोध : मराठी घरातील हिंदी कवीचा साहित्याभ्यास

जबलपूर : हिंदीतील आधुनिक कवितेचा विचार ज्यांच्या नावाला वळसा घालून होऊ शकत नाही, ते गजानन माधव मुक्तिबोध मराठी भाषक होते, ही गोष्ट महाराष्ट्रात अजूनही काहीशा आश्चर्याने ऐकली जाते. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ खानदेशातील. वडील पोलीस खात्यात असल्याने बदल्या वारंवार होत आणि मुलाचे शिक्षणही गावोगाव विखुरले. घरात मराठी, बाहेर माळव्यातील हिंदी. याच घरातील धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीतून लिहिले आणि कवी व समीक्षक म्हणून मान्यता मिळवली. थोरल्याने हिंदी निवडली.

इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून १९३८ मध्ये ते पदवीधर झाले. त्यापुढील वीस वर्षे मात्र नोकऱ्या बदलण्यात गेली. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस अशी ही भ्रमंती. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील सात कवींत त्यांचा समावेश झाला, तरी त्याने संसाराची ओढाताण थांबली नाही. चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते जबलपूरला आले. येथे हितकारिणी शाळेत त्यांनी अध्यापन केले आणि ‘जयहिंद’ दैनिकातही काम पाहिले. तेथून १९४८ मध्ये ते नागपूरला गेले. सरकारी माहिती खाते, आकाशवाणी आणि पुढे ‘नया खून’ साप्ताहिक हे तेथील टप्पे.

नागपूर विद्यापीठाची हिंदीतील एम.ए. पदवी त्यांनी मिळवली, ती वयाची पस्तिशी ओलांडल्यानंतर. मुले, कर्ज आणि नोकरी सांभाळून परीक्षेला बसण्याचे कारण व्यावहारिक होते. महाविद्यालयात शिकवायचे, तर पदवी हवी. अभ्यास मात्र विद्यापीठाच्या पाठ्यक्रमात मावणारा नव्हता. रशियन कादंबऱ्या, युरोपीय तत्त्वज्ञान, मार्क्सवाद आणि मराठी संतवाङ्मय हे सारे ते एकाच टेबलावर ठेवून वाचत. मध्ययुगीन भक्ती चळवळीवरील त्यांचा निबंध या दृष्टीने महत्त्वाचा. कबीर आणि तुलसीदास यांचा विचार करताना ते महाराष्ट्राकडे वळतात, संतांमागे उभे असलेले श्रमिक आणि खालच्या मानलेल्या जाती शोधतात आणि चळवळीची धार कोठे व कोणामुळे बोथट झाली, असा प्रश्न विचारतात. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला ही तुलना बाहेरून आणावी लागली नाही. जयशंकर प्रसाद यांच्या ‘कामायनी’ या महाकाव्यातही त्यांना पुराणकथेच्या आडून आधुनिक समाजाचे संकट दिसले. हे विवेचन १९६१ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यावर वाद झाले, होणारच होते.

जबलपूर सोडल्यानंतरही या शहराशी असलेला धागा तुटला नाही. हरिशंकर परसाई यांनी १९५६ मध्ये येथून ‘वसुधा’ मासिक सुरू केले आणि ‘एक साहित्यिक की डायरी’ या लेखमालेला त्यात जागा दिली. कविता अनुभवातून शब्दापर्यंत कशी पोहोचते, याची चिकित्सा तिच्यात मित्राशी गप्पा माराव्यात तशी चालते. समीक्षेला इतकी मोकळी बैठक क्वचितच मिळाली असेल.

१९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले आणि काहीसे स्थैर्य आले. तळ्याकाठच्या जुन्या वाड्यातील त्यांच्या घराचा चक्राकार जिना पुढे त्यांच्या कवितेत उतरला. ‘अंधेरे में’ ही दीर्घकविता याच काळात आकाराला आली. पण १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकाविरुद्ध निदर्शने झाली आणि मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. शिक्षकाच्या हातातील पुस्तकच गुन्हेगार ठरल्याचा घाव खोल होता. पाठ्यपुस्तकातून येणाऱ्या उत्पन्नावर कुटुंबाने आशा ठेवली होती, तीही गेली.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळ आणि नंतर दिल्ली येथे उपचार झाले. हिंदी लेखक त्यांच्याभोवती गोळा झाले, सरकारही हलले, पण ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४६. हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह मृत्यूनंतर आला. नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली त्यांची समग्र रचनावली १९८० मध्ये सहा खंडांत प्रकाशित झाली.